नदीतल्या 'फोर्ड'ला मराठीत काय म्हणता? (गाडी नव्हे)

ओसरी: एका दिवाळी अंकासाठी आयरिश पुराणातल्या मॉरिगनवर कथा लिहितेय, तिच्याच तोंडची. युद्धाची देवी, कावळी होऊन येते, कोण मरणार ते आधीच सांगते. कू खुलिन हा वीर शेवटच्या लढाईला निघतो तेव्हा नदीत एक पोरगी रक्ताळलेले कपडे धुताना दिसते, तर मी त्या पोरीच्या जागी मॉरिगनच बसवलीय. धुणं चालतं ते माणसं-गुरं पाण्यातून चालत पलीकडे जातात अशा जागी. मी लिहिलं 'उतार', आजोळी हाच शब्द होता. मैत्रिणीनं खोडून 'घाट' केलं, म्हणे उतार म्हणजे स्लोप, बाई घसरेल. अहो घाटाला पायऱ्या असतात! काय करू?

तिरकस: उतारच. 1760 च्या ऑक्टोबरात अब्दालीला बागपतजवळ यमुनेला उतार सापडला आणि पुढचं पानिपत आपल्या नशिबी आलं. मैत्रिणीला विचारा, तो काय घसरत गेला का? मोल्सवर्थच्या शब्दकोशात पण आहे.

काटेकोर: मोल्सवर्थ 1857 चा हो. आज उतार म्हटलं की गाडीचा ब्रेक आठवतो, उतारा म्हटलं की सातबारा नाहीतर लिंबू. शब्द बरोबर पण वाचकाला चित्र भलतंच दिसणार, मग काय उपयोग? सरळ 'पाण्यातून चालत जायची जागा' लिहा.

ओसरी: दरवेळी पाच शब्द? कथेत तो अकरा वेळा येतो. अर्धं युद्ध तिथंच आहे. कू खुलिन एकेकाला तिथंच अडवतो, मॉरिगन ईल होऊन त्याच्या पायाला विळखा घालते ती पण तिथंच. डब्लिनच्या आयरिश नावाचा अर्थसुद्धा 'ताट्या टाकलेल्या उताराचं गाव' असा आहे, म्हणजे चिखलात पाय रुतू नये म्हणून विणलेल्या ताट्या.

नांगरट: आमचे आजोबा म्हणायचे नदी पायउतार झाली, म्हणजे पाणी इतकं ओसरलं की बैल घेऊन चालत जाता येईल. आता पायउतार फक्त मंत्री होतात.

शुद्धमती: इतका सुंदर शब्द घरात असताना शोधाशोध कशाला? 'तीर्थ'. तॄ म्हणजे तरून जाणे, त्यावरून तीर्थ, मूळ अर्थ नदी ओलांडायची जागा हाच.

तिरकस: तीर्थावर रक्ताचं धुणं? छापून बघा, संपादक पायउतार होतील. शिवाय आमच्या ग्रुपात तीर्थ शनिवारी रात्री असतं.

शुद्धमती: टिंगल करा. मॉरिगन मधलं 'रीगन' म्हणजे आपली राज्ञीच आहे, ठाऊक आहे का? शेवटी सगळं संस्कृतातूनच गेलंय.

काटेकोर: गेलेलं नाही. राज्ञी आणि रीगन बहिणी-बहिणी, आई-मुलगी नव्हेत. आणि त्याआधीचं 'मॉर' काय याच्यावर अभ्यासक अजून भांडतायत. एक म्हणतो थोर, दुसरा म्हणतो भुताटकी, इंग्रजी नाइटमेअरमधलं मेअर तेच. महाराणी की भूतराणी, यावर कथेचा सूर ठरेल ना?

ओसरी: मी भूतराणी धरलीय. थोर म्हटलं की लगेच सिंहासनावर बसते, मला ती पाण्यात हवी.

मधलीसून: इंग्रजांच्या राजा आर्थरच्या गोष्टीतली मॉर्गन म्हणजे हीच ना? मी एका ठिकाणी वाचलं.

काटेकोर: नाव सारखं ऐकू येतं एवढंच. ती मॉर्गन वेल्श बाजूची, तिच्या नावात समुद्र आहे. साधारण 1150 च्या लॅटिन काव्यात ती बेटावर नऊ बहिणींत राहते आणि जखमी आर्थरला बरं करायचं काम घेते. मॉरिगनचं उलट, तिच्या जखमा तिचा वैरीच भरतो. म्हातारी होऊन गाय पिळत बसते, कू खुलिनला दूध पाजते, तो प्रत्येक घोटाला आशीर्वाद देतो आणि त्यानंच केलेली एकेक जखम भरून येते. हे कथेत घ्याच.

ओसरी: घेतलंय! पण माझा उतार?

नांगरट: ते ठेवा हो. पण ईल काय लिहिलंत? ईल कोणाला कळणार, 'वाम' लिहा.

मधलीसून: वाम समुद्रातली. नदीतली ती वांब.

तिरकस: आमच्याकडे दोन्ही वामच, आणि कालवण पण एकच.

मधलीसून: एकच कसं? वांबेला आंबटपणा जास्त लागतो.