शेजारच्या आजींच्या पीकॅन बारच्या वड्या पडत नाहीयेत, शनिवारच्या आत मदत हवी

मृणाल_ओहायो
आमच्या शेजारच्या अमेरिकन आजींनी मला त्यांच्या आईच्या वेळचं पीकॅन बारच्या (पीकॅन म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा, त्याच्या वड्या) रेसिपीचं कार्ड दिलंय, हाताने लिहिलेलं, कडेला बटरचे डाग. शनिवारी गल्लीत ख्रिसमसचं कुकी एक्स्चेंज आहे, प्रत्येकीने चार डझन न्यायचे आणि सगळ्यांचे थोडे थोडे घरी आणायचे, तर मला हेच न्यायचेत. खालच्या थराला 2 कप मैदा, अर्धा कप पिठीसाखर, 2 स्टिक 'ओलिओ'. वरती 4 अंडी, दीड कप ब्राऊन शुगर, दीड कप कॉर्न सिरप, 3 मोठे चमचे वितळलेलं बटर, व्हॅनिला, अडीच कप पीकॅन. ट्रे 9 बाय 13 चा, ओव्हन 'मॉडरेट', बास, एवढंच लिहिलंय. ओलिओ काय ते कळेना म्हणून बटर घातलं. काल करून बघितले, चिक्कीसारख्या गरम असतानाच वड्या पाडल्या तर पाक ओघळला, खालचा थर भुगा झाला आणि निम्मं काचेच्या ट्रेला चिकटलं. कुठे चुकतंय?

सुगरण_ह्यूस्टन
अगं ओलिओ म्हणजे मार्गारिन, जुन्या कार्डांवर सर्रास दिसतं. बटर घातलंस ते उत्तमच, 1 स्टिक म्हणजे 113 ग्रॅम. मॉडरेट म्हणजे 350 फॅरनहाइट. पण काचेचा ट्रे असेल तर 325 ठेव, काच कडा लवकर करपवते.
आता मुख्य गोष्ट, हे चिक्कीच्या बरोब्बर उलट आहे. चिक्कीचा पाक गार झाला की कडक होतो म्हणून गरम असताना कापतो, इथे वरचा थर अंड्याने धरतो आणि तो गार झाल्याशिवाय घट्ट होत नाही. बाहेर दोन-तीन तास, मग रात्रभर फ्रिजमध्ये आणि मगच सुरी लाव. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, दर कापाला.
आणि खालचा थर आधी एकटा भाजलास का? 20 मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत. कच्च्यावर पाक ओतला की तो भिजतो. नंतर वरचं घालून 40 मिनिटं, ट्रे हलवला की मधोमध जरासं थरथरलं पाहिजे, लाट नको.

मृणाल_ओहायो
नाही ताई, सगळं एकदमच घातलं होतं! कार्डावर तसं काहीच नाही.

सुगरण_ह्यूस्टन
ज्यांचा हात बसलेला असतो त्या लिहीत नाहीत गं, माझ्या आईच्या वहीत पण 'अंदाजाने' एवढंच असायचं. बेकिंग पेपर दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबेल असा घाल म्हणजे अख्खी पाटी उचलून बाहेर येते. लांबीत 8 आणि रुंदीत 6 केलेस की 48 होतात, म्हणजे तुझे चार डझन. आणि पीकॅन आधी चाखून बघ, त्यात तेल भरपूर असतं, जुने असले की खवट होतात, मग पाक कितीही चांगला असो.

केदार_पुणे
इकडे पीकॅन महाग म्हणून मी अक्रोड घालतो, छान होतात. कॉर्न सिरप मात्र वगळू नका, त्यातल्या ग्लुकोजमुळे साखरेचे खडे धरत नाहीत. इथे त्याऐवजी लिक्विड ग्लुकोज मिळतं. अजून एक, वाटणार असाल तर डब्यावर 'यात नट्स आणि अंडं आहे' असं मोठ्या अक्षरात चिकटवा आणि हा डबा बाकीच्या कुकीजपासून लांब ठेवा. आमच्या भाचीला अक्रोडाची जबरदस्त ॲलर्जी आहे, एका तुकड्यावरून दवाखाना गाठावा लागला होता, म्हणून कळकळीने सांगतोय.

मृणाल_ओहायो
लेबल नक्की लावते केदारदादा. काल रात्री परत केले, आज सकाळी कापले, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस अखंड निघाले, खालचा थर कुरकुरीत. पहिली वडी आजींना नेऊन दिली. त्यांनी डोळे मिटून खाल्ली आणि कार्ड मागून घेतलं, त्यावर स्वतः लिहिलं, 'खालचा थर आधी भाजणे, 20 मिनिटं.'