जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं तर काय निघालं? खान्देशकरांनो, लिहा

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जळगावला माहेरी आले, उन्हामुळे दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून वैनीने आणि मी माळ्यावरच्या पेट्या खाली घेतल्या. टाकायचे, द्यायचे, ठेवायचे असे ढीग ठरले होते पण वाढत गेला तो ठेवायचाच. गंमत म्हणजे भारीतल्या साड्या पटापट वाटल्या गेल्या आणि अडलो कुठं तर आईच्या रोजच्या विटक्या सुती साडीपाशी, पदराचं टोक हळदीचे हात पुसून पुसून कायमचं पिवळं. तुमचं काय अडलं? शुद्धलेखन कोणी बघणार नाही, अहिराणी, लेवा सगळं चालेल.

सावद्याची लेक:
आमची केळी. चीक कपड्याला लागला की आधी काही दिसत नाही, वाळला की काळपट डाग पडतो, मग साबण लावा नाहीतर रॉकेल, जात नाही. म्हणून बाबांचे केळीचे शर्ट वेगळे आणि गावात जायचे वेगळे. बाबा गेले तेव्हा काकांनी चांगले कपडे नात्यात वाटले, केळीचे शर्ट गोठ्यात खुंटीवर तसेच राहिले, ते कोण नेणार? पुढच्या हंगामात आई निंदायला निघाली तर साडीवरून त्यातलाच एक चढवलेला. आता आपल्याकडे शेतात सगळ्याच बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा शर्ट घालतात, पानाची कड लागत नाही, ऊन लागत नाही, त्यात विशेष काही नाही. पण त्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर डाग सगळ्यात दाट आहे, बाबा घड त्याच खांद्यावर घ्यायचे, कॉलर झिजली म्हणून उलटवून शिवलेली आणि खालचं एक बटन माझ्या शाळेच्या ड्रेसचं. भावाने नवीन आणून दिला तर म्हणते जाड आहे, गरम होतं. मी म्हटलं धुवायला तरी दे, तर "राहू दे वं माय, मी धुईसन घेसू". आणि तोच शर्ट घरात मात्र आणू देत नाही, वास येतो म्हणे!

भुसावळकर:
वडील रेल्वेत होते. त्यांच्या निळ्या डांगरीच्या आईने दळणाच्या पिशव्या शिवल्या, पिठाला ग्रीसचा वास येईल म्हणून आम्ही हसायचो. अजून फाटल्या नाहीत. एवढंच.

अमळनेर:
आमच्याकडे जुना कपडा नाही, न शिवलेलं कापड निघालं. आजोबा प्रताप मिलमध्ये होते, तिथलाच मांजरपाटाचा तुकडा, घडीसुद्धा मोडलेली नाही. मिल बंद पडली, आजोबा गेले, कापड कोरंच. मुलगी म्हणते कुर्ता शिवू, शिंप्याकडे नेलं आणि परत आणलं. कात्री लावायला हात होत नाही, कोणी लावली असेल तर सांगा.

यावल रोड:
पणजोबांची खादीची टोपी आहे. डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, नेहरू अध्यक्ष, तर टोपी त्या मांडवातली असं आमची आत्या सांगते. चुलतभाऊ म्हणतो कुठली काय, आजोबांच्या लग्नातली आहे. दोघं यावरून दर लग्नकार्यात भांडतात आणि टोपी कुलपात.

धुळ्याची वैनी:
मी वेगळं लिहिते, राग मानू नका. मी ठेवत नाही. सासूबाईंनी जपून ठेवलेलं लोकरीचं स्वेटर उघडलं तर कसरीने पार खाऊन टाकलेलं, ना त्यांच्या कामाचं ना आमच्या. तेव्हापासून वापरता येईल तोवर देऊन टाकते, उरलेलं बोहारणीला. मागच्या खेपेला घासाघीस करून स्टीलचं पातेलं घेतलं, मस्त आहे, दूध त्यातच तापवते.

नंदुरबार:
@धुळ्याची वैनी, पातेल्याचं पटलं 😄 पण रेशमाचं काय करता? आईचा शालू घडीवर घडीवर विरला होता, वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवला ना. बहिणीला पण हवा, मला पण हवा, बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. शेवटी पदराचा धड भाग कापून कानबाईला, म्हणजे नारळाच्या रूपात बसवतात त्या आपल्या खान्देशच्या देवीला, नेसवायला ठेवला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की ते नारळ त्या पदरात इतकं देखणं दिसतं! आता भांडण एवढंच की कानबाई यंदा कोणाकडे.

धुळ्याची वैनी:
रेशीम असेल तर जुन्या मलमलच्या धोतरात गुंडाळा, अधूनमधून घडी बदला, डांबरगोळी जरीला टेकवू नका. आणि आजीची लुगडी आहेत त्यांनी गोधडी शिवा ना, नऊवार म्हणजे भरपूर कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं. फक्त नायलॉनच्या साड्या आत भरू नका, सरकतात आणि आपल्या उन्हाळ्यात अंग घामेजून जातं.

सावद्याची लेक:
आमच्या गल्लीत एक मावशी शिवतात, पण पावसाळ्यात घेत नाहीत, गोधडी वाळत नाही म्हणून. द्यायची तर आत्ताच द्या. आणि जरीचे काठ आधी उसवून ठेवा, नाहीतर त्या तुम्हालाच उसवायला बसवतात.