शब्द हवा : संगीतातला ‘स्टटर’

मध्यलय : ट्रॅकवर आवाज अडखळल्यासारखा वाजावा म्हणून जो ‘स्टटर’ टाकतात त्याला मराठी शब्द सुचवा. लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या पोरांसाठी टिपणं लिहितोय. कोशात ‘तोतरेपणा’ सापडतो, पण ‘ड्रॉपच्या आधी तोतरेपणा द्या’ असं लिहायला हात धजावत नाही. (ड्रॉप म्हणजे ताण वाढवून ठेका दणक्यात सुरू होतो ती जागा.)

किरकिरा : तोतरा नकोच, तो शब्द आपण माणसाला चिडवायला वापरून खराब केलाय. ‘अडखळ’ कसा वाटतो?

खर्ज : आधी कोणता स्टटर ते ठरवा. एका नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. ‘पाऊस’ हा गायलेला शब्द घ्या.

सॅम्पलरची, म्हणजे साठवलेला आवाज वाजवणाऱ्या यंत्राची, कळ पुन्हा पुन्हा दाबली की आवाज दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो : पा-पा-पा-पाऊस. पॉल हार्डकॅसलच्या १९८५ च्या ‘नाइन्टीन’मध्ये व्हिएतनाममधल्या सैनिकांच्या वयाचा आकडा असाच येतो, ना-ना-ना-नाइन्टीन. इथे ‘अडखळ’ शोभतो, कारण बोलतानाही माणूस बहुधा शब्दाच्या तोंडाशीच अडखळतो.

दुसऱ्या प्रकारात चालू आवाजाचा एक तुकडा पकडून तोच फिरवत ठेवायचा : पाऊ-ऊ-ऊ-ऊ. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमधला बीट रिपीट हा इफेक्ट हेच करतो. तबकडीची पिन अडकावी तसा इथे आवाज अडकतो.

तिसऱ्यात परत काहीच येत नाही. आवाज आपल्या वेळेने पुढे जात असतो, गेट नावाचा इफेक्ट त्याला मधेमधे गप्प करतो. फोनवर आपण ‘आवाज तुटतोय’ म्हणतो, तेच.

मध्यलय : मग सगळ्याला स्टटर का म्हणतात?

खर्ज : बीटी या संगीतकाराबरोबर आयझोटोप कंपनीने २०११ मध्ये ‘स्टटर एडिट’ हे सॉफ्टवेअर काढलं. त्यात तुकडा फिरवणं आणि गेट दोन्ही एकाच कळीवर बसवता येतात. मग नावही एकच चिकटतं.

ताशेवाला : एवढं कशाला? ताशावर काड्यांचे घाव भराभर पाडतो ती आपली ‘तर्री’ आहे की!

किरकिरा : तर्रीत प्रत्येक घाव कणभर वेगळा पडतो हो, तिची मजा तीच. बीट रिपीटमधून निघणारे तुकडे तंतोतंत सारखे असतात, आणि तो मख्खपणाच तर हवा असतो.

ताशेवाला : मान्य. पण तुकडे बारीक बारीक होत जातात तिथे तरी तर्री म्हणा!

खर्ज : तिथेही थोड्याच वेळापुरतं. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. तिचा चौथा भाग १२५, आठवा ६२.५. इथवर तुकडे सुटे ऐकू येतात. सोळावा भाग साधारण ३१, म्हणजे सेकंदाला ३२ फेऱ्या. तिथे कान मोजणं सोडून देतो आणि घरघर ऐकू येते. आणखी निम्मा केलात की ६४ फेऱ्या, म्हणजे चक्क खर्जातला स्वर. ताशाच्या काड्या तिथवर कुठल्या पोचायला!

मध्यलय : पाऊ-ऊ-ऊ करून बघितलं. मधे टक् टक् वाजतंय.

खर्ज : तुकडा लाटेच्या मधोमध कापला गेलाय. एक टोक वर, दुसरं खाली, त्यामुळे प्रत्येक फेरीला आवाज उडी मारतो. दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज एकदम न येता-जाता हळूहळू चढेल-उतरेल. ‘पा’च्या सुरुवातीला मात्र फेड देऊ नका, ‘प’चा फटकाच बोथट होईल.

मध्यलय : गेली टक्‌टक्. आता टिपणात ‘अडखळ देणे’, ‘अडकवणे’ आणि ‘तोडणे’ अशी तीन वेगळी क्रियापदं घेतो. ‘ड्रॉपच्या आधीची शेवटची मात्रा अडकवा’ वाचायला बरं वाटतंय.

किरकिरा : ‘तोडणे’ जपून. पोरं ‘डीजेने तोडलं’ म्हणतात ते कौतुकाने. ‘गेटने तोडणे’ असं पूर्ण लिहा.

ताशेवाला : लिहा काहीही, स्टुडिओत ‘इथे स्टटर मार’ असंच ऐकू येणार.