ब्राझीलमध्ये शिकतानाचे दिवस – तुमचेही अनुभव लिहा

ऊसपट्टा:
काल पंपावर ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, बोर्ड बघितला आणि एकदम पिरासिकाबा आठवलं. साओ पावलो राज्यातलं गाव, आजूबाजूला ऊसच ऊस. तिथल्या एसाल्कमध्ये, म्हणजे साओ पावलो विद्यापीठाचं शेतकी कॉलेज, १९०१ पासूनचं, मी उसावर काम करायला गेलो होतो. घर शिरोळ तालुक्यात, त्यामुळे ऊस काही नवा नव्हता, पण पेट्रोलशेजारी निव्वळ इथेनॉलचा पंप आणि लोक भाव बघून ठरवतायत, पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉलच भरायचं, हे तिथेच पाहिलं. १९७५ पासून लागलेत ते त्याच्या मागे.

पण खरं सांगायचंय ते माणसांबद्दल. मला पोर्तुगीजचा ओ की ठो येत नव्हता. कँटीनमध्ये वाढणाऱ्या मावशींनी मी मांस खात नाही हे दोन-चार दिवसांत बघून ठेवलं, मी दिसलो की आपणहून सोयाचं भांडं पुढे ओढायच्या. वर भात, घेवड्याची उसळ असते तशी फेजाँव, सॅलड. अजून जीव भरून येतो. तुमच्यापैकी कोण कोण होतं तिकडे?

मुक्ता_नाशिक:
मी कांपिनासला!! सीपीएफ नंबर आठवतो का, तिकडचा करदात्याचा नंबर, आपल्या पॅनसारखा, सिमकार्डला तो, बँकेत तो, औषधाच्या दुकानात काउंटरवर पण तोच. आणि ९० दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी. घरमालकीण काकू सुट्टी टाकून आल्या माझ्याबरोबर, सगळं त्याच बोलल्या ❤️

रानजाई:
साबुदाणा तिकडे सागू नावाने मिळतो. पोर्तू आलेग्रीला मैत्रिणीच्या आजीने रेड वाईनमध्ये शिजवून गोड केला होता, मी त्याच पाकिटातल्या उरलेल्याची आषाढीला खिचडी केली, कूट घालून. शेंगदाण्याला तोटा नाही, जूनच्या जत्रांमध्ये तर मका नि शेंगदाणेच. आजींनी दोनदा घेतली खिचडी.

बंड्या_सातारकर:
वाईनमध्ये साबुदाणा?? मग उपवासाला चालतो का नाही ते सांग आधी 😂

रानजाई:
द्वादशीला खा रे 😄

वैशाली काकू:
माझी लेक आत्ता साओ पावलोला आहे. मी पहाटे साडेपाचला उठते तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे नऊ, तिच्याशी बोलूनच चहा ठेवते. ती म्हणाली शॉवरच्या तोंडालाच विजेची वायर जोडलेली असते, तेव्हापासून मला झोप नाही. बरं असतं का हो ते?

मुक्ता_नाशिक:
काकू काळजी नका करू, तिकडे घरोघरी तसाच असतो. पाणी सुरू झालं की आपोआप तापतं. अर्थिंग नीट आहे ना एवढं मालकांना विचारायला सांगा, आणि गरम-थंडचं बटण फिरवायच्या आधी पाणी बंद करायचं.

वैशाली काकू:
आत्ताच तिला मेसेज टाकला. खूप आभार गं बाळा. वरणासाठी तूर पण मिळत नाही म्हणते.

ऊसपट्टा:
मिळते काकू, फेजाँव गुआंदू म्हणून शोधायला सांगा, आठवडी बाजारात बघायचं. भेंडी तर ढिगाने. कुकर पण घरोघरी असतो, फेजाँव त्यातच शिजवतात.

पाटलांची_सून:
भाचा कुरितिबाला चाललाय. वर्ग फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू होतात ना?

रानजाई:
हो, आणि जुलैमध्ये सुट्टी. जाड स्वेटर द्या बरोबर, ब्राझील म्हणजे कायम उकाडा असं समजू नका, कुरितिबाला जून-जुलैत हुडहुडी भरते आणि घरात हीटर असेलच असं नाही.