गुडघेदुखीच्या पुडीतलं स्टेरॉइड एकदम बंद केलं, आता आईला चक्कर

गोदाकाठ:
आई ६२ वर्षांची. गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्याने दिलेली पुडी पाच महिने चालू होती. गोळ्या सुट्या, नाव कळेना. स्ट्रिप मागून घेतली तर बीटामेथासोन हे स्टेरॉइड ०.५ मिग्रॅ (सकाळ-रात्र) आणि डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी निघाली. मधल्या काळात चेहरा सुजला, साखर वाढली म्हणून ग्लिमेपिराइड सुरू झालं. स्टेरॉइड आहे हे कळल्यावर चार दिवसांपूर्वी पुडी बंद केली. आता अंग मोडून आलंय, मळमळ, जेवण जात नाही, उठलं की चक्कर. बीपी ९४/६०. गोळीची सवय झाली होती म्हणून असं होतंय का? किती दिवसांत उतरेल?

पाऊलवाट:
उतरायची वाट बघू नका, आत्ताच रुग्णालयात न्या. दारातच सांगा, "पाच महिने बीटामेथासोन चालू होतं, चार दिवसांपूर्वी एकदम बंद केलं." हे नाही सांगितलं तर पित्त किंवा व्हायरल समजून परत पाठवण्याची शक्यता असते. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं १०० मिग्रॅचं इंजेक्शन आणि सलाइन देतात. कॉर्टिसोलसाठी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) रक्त घेतलं तरी रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन अडवून ठेवत नाहीत.

निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. पोटात अन्न नाही, साखर वाढवणारं स्टेरॉइड थांबलंय आणि ग्लिमेपिराइड मात्र चालूच. ७० च्या खाली असेल आणि आई नीट शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी वाटेतच पुन्हा तपासा. ग्लिमेपिराइडचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सांजवात:
एक भर. डायक्लोफिनॅक आणि स्टेरॉइड एकत्र घेतल्याने जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्यानेही बीपी उतरतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं का, हे विचारून घ्या.

गोदाकाठ:
साखर ८२, शौच काळी नाही. निघतोय. स्ट्रिप सोबत घेतली आहे.

मृद्गंध:
ही व्यसनासारखी सवय नव्हे. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवतात, तेही मेंदूतल्या पिट्युटरीच्या हुकमावर. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की तो हुकूम थांबतो आणि ग्रंथी आक्रसतात. मग गोळी एकदम बंद झाली की कॉर्टिसोल कमी पडतं. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं असेल तर हा धोका धरूनच चालायचं. ०.५ चा आकडा बघून गोळी किरकोळ वाटते, पण ०.६ मिग्रॅ बीटामेथासोन म्हणजे ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन (हेही स्टेरॉइडच). आईंना रोज सुमारे ८ मिग्रॅ जात होतं. त्यात रात्रीचा डोस जास्त वाईट, कारण पहाटे शरीर स्वतःचं कॉर्टिसोल वाढवतं, नेमकं तेच दाबलं जातं. शिवाय या औषधाचा असर दीड-दोन दिवस टिकतो, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं आणि मग तब्येत ढासळते.

पाऊलवाट:
सावरल्यावर बहुतेक सकाळच्या प्रेडनिसोलोनवर किंवा हायड्रोकॉर्टिसोनवर ठेवतील. प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅपर्यंत त्यामानाने लवकर उतरवता येतं, त्याखाली घाई नको. साधारण महिन्याला १ मिग्रॅ. त्या टप्प्यावर सकाळी ८-९ वाजता कॉर्टिसोल तपासतात, आधीच्या गोळीला २४ तास झालेले हवेत आणि त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर गोळी थांबवता येते. ५ च्या खाली असेल तर ग्रंथी अजून जाग्या झालेल्या नाहीत. मधलं काही आलं तर तोच डोस ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

डोस कसा उतरवायचा ते कागदावर लिहून घ्या. ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं तर किती वाढवायचं, हेही त्यातच लिहून मागा. उलटीत गोळी पडत असेल तर इंजेक्शनच लागतं. डोस कमी होताना सांधे काही दिवस दुखतात, स्टेरॉइड घटल्यामुळेसुद्धा. नेमक्या याच दिवसांत घरातलं कुणीतरी कळवळून पुन्हा तीच पुडी आणतं. त्याऐवजी गुडघ्यांचा एक्स-रे घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

सांजवात:
बीटामेथासोन शेड्यूल एचमध्ये येतं, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. यापुढे गोळी स्ट्रिपमधूनच घ्या आणि बिल मागा. आई एखादं बिननावाचं "देशी" चूर्ण घेत असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा, अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.