मदत हवी: माझ्या वर्कशीट फुकट वाटायच्या आहेत, पण कुणी विकता कामा नये

चिंचेची_सावली
चौथीच्या अपूर्णांकांच्या १४० वर्कशीट तीन वर्षं रात्री बसून केल्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॅप गटांवर टाकत गेले, आणि आता हे. काल आमच्या शाळांच्या केंद्रातल्या एका सहकाऱ्यानं कौतुकानं मलाच पीडीएफ पाठवली, "४९ रुपयांत मिळाली, बघा किती छान." उघडली तर माझीच! नाव खोडलेलं, वर कुठल्याशा चॅनेलचा तिरका शिक्का. पान ३७ वर भाकरीचे आठ तुकडे लिहून चित्रात नऊ काढले गेलेत, ती चूकसुद्धा जशीच्या तशी.
पैसे नकोत मला. सगळ्यांना फुकट मिळो, पण विकू नये आणि नाव राहावं. कुठे टाकायचं? शनिवारी शिक्षण परिषदेत लिंक द्यायची आहे. लवकर सांगा.

खटपट्या
पीडीएफला पासवर्ड लावा. दोन मिनिटांचं काम.

रानजाई
@खटपट्या, आणि पासवर्ड गटावरच टाकायचा ना?

शाईपेन
क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लावा, म्हणजे आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरायचं हे सांगणारा तयार परवाना. त्यातलं बाय-एनसी-एसए. नाव द्यावंच लागतं, धंदा करता येत नाही, कुणी बदल करून पुढे वाटलं तर त्यानंही याच अटीवर द्यायचं. पहिल्या पानावर एक ओळ टाकली की झालं.

विकीगडी
एनसी, म्हणजे धंदा नको ही अट, लावलीत की विकिमीडिया कॉमन्सचं (विकिपीडियाच्या चित्रं-फाइलींचं भांडार) दार बंद, तिथं ती चालत नाही. आणि गावातला झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतो, तो धंदा की नाही? यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. नुसतं बाय-एसए द्या, नाव आणि 'याच अटीवर पुढे' एवढंच. तुमच्या त्या ४९ रुपयेवाल्यानं नाव खोडलंय, म्हणजे बाय-एसएमध्येही तो चूकच.

शाईपेन
अहो, ज्यांचं ४९ रुपयांना विकलं गेलंय त्यांनाच 'विकू द्या' म्हणून सांगताय? तत्त्व तुमचं, घाम त्यांचा.

विकीगडी
जे फुकट सहज सापडतं ते ४९ रुपयांना कोण घेईल? गटावरच्या फाइली दोन आठवड्यांत वर सरकून गायब होतात, म्हणून विकणाऱ्याचं फावतं.

काळा_कोट
भांडण नंतर. सर, आधी हे सांगा: (१) नोकरी कुठं, झेडपी की खाजगी? (२) वर्कशीट शाळेच्या कामाचा भाग म्हणून केल्या की स्वतःहून? (३) चित्रं कुणाची? (४) गणितं कुणाची?
कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असू शकतो. जे आपलं नाही त्याचं लायसन्स देता येत नाही. आणि क्रिएटिव्ह कॉमन्स एकदा दिलं की त्या प्रतीसाठी परत घेता येत नाही. शनिवारच्या घाईत देऊ नका.

पाचवीचे_पालक
पाचवी शिष्यवृत्तीच्या पण असतील तर पाठवा ना सर 🙏

चिंचेची_सावली
सर नाही, ताई. झेडपी, द्विशिक्षकी शाळा. कुणी सांगितलं नव्हतं, घरी केल्या, लॅपटॉपही माझा. चित्रं गूगलवरून घेतली, दुसरीकडून कुठून आणणार? गणितं बहुतेक माझी, काही पुस्तकातली, थोडी एका गाईडमधली. पण त्याचा इथं काय संबंध? चोरी माझी झालीय.

काळा_कोट
ताई, संबंध तोच आहे. राग मानू नका, पण त्या चित्रांच्या मालकानं असाच धागा काढला तर?

खडूफळा
वकीलसाहेब उगाच घाबरवतायत. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाची केस आठवा. पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्स विकतात म्हणून प्रकाशक कोर्टात गेले होते, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्यांचा दावा फेटाळला. शिकवण्यासाठी सगळं माफ.

काळा_कोट
सगळं नाही. कलम ५२ मधली ती सूट शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना. वर्गात वाटा, खुशाल. नेटवर कायमचं ठेवून त्यावर स्वतःचं लायसन्स लावणं त्यात बसत नाही.

शाईपेन
चित्रांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, मुलांच्या गोष्टींची साइट. २०१५ पासून आहे, तिथली चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्स बायवर मिळतात. चित्रकाराचं नाव खाली लिहायचं.

फाँटपुराण
कुणी विचारलं नाही म्हणून मीच विचारतो. फाँट कुठला? मूळ फाइल आहे का?

चिंचेची_सावली
श्रीलिपी. फाइल वर्डमध्ये आहे.

फाँटपुराण
वाटलंच. जुन्या फाँटमधला मजकूर पीडीएफमधून कॉपी करून बघा, 'अपूर्णांक' ऐवजी भलतीच चिन्हं येतील. गूगलला सापडणार नाही, दुसऱ्या शिक्षिकेला शब्द बदलता येणार नाही. आधी युनिकोड करा, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दिसतील. कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. पीडीएफसोबत वर्डची फाइलही द्या.

आजोबा_पुण्याचे
आमच्या वेळी पाटी होती. पुसली की संपलं. कॉपीराइट नाही न् काही नाही.

मेळघाटची_वाट
ताई, थोडं घाबरतच लिहितेय. तुमच्या वर्कशीट माझ्याकडे आहेत. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा गटावर आल्या, त्यात नाव नव्हतं. माझी मुलं कोरकू बोलतात. मराठी सूचना त्यांच्या डोक्यावरून जायच्या, म्हणून व्हाइटनर लावून वर पेनानं कोरकूत लिहिलं आणि झेरॉक्स काढल्या. साधारण तीस पानं. शेजारच्या दोन शाळांनाही दिल्या. न विचारता. आज कळलं कुणाच्या ते.
पान ३७ वरचा नववा तुकडा मी खोडलाय.

विकीगडी
फक्त वाचायला मिळणं वेगळं. बदलून पुढे देता आलं तर ते मुक्त साहित्य.

चिंचेची_सावली
मेळघाटताई, अहो घाबरता काय! त्या तीस पानांचे फोटो पाठवाल का? मला बघायचंय, पाव आणि अर्धा यांना तुम्ही काय लिहिलंत.
रात्री सगळी पानं लाल पेननं तपासली. पूर्ण माझी, गणितही माझं आणि चित्रही नाही, अशी ५८ निघाली. गाईडची १९ काढून टाकते. पुस्तकातली गणितं बदलीन. उरलेल्या पानांवरची चित्रं बदलायला दिवाळीची सुट्टी लागणार. शनिवारी फक्त ५८ देईन. पण कुठे ठेवू? हे मी पहिल्याच ओळीत विचारलं होतं.

रानजाई
इंटरनेट अर्काइव्ह, फाइली फुकट ठेवता येणारी साइट. खातं काढा, फाइल चढवा, लायसन्स निवडायची सोय तिथंच आहे. शिक्षकांसाठीचं दीक्षा हे सरकारी पोर्टलही आहे, पण तिथं मंजुरी लागते, शनिवारपर्यंत होणार नाही.

काळा_कोट
आणि विकणाऱ्याविरुद्ध त्या प्लॅटफॉर्मच्या तक्रार फॉर्मवर लिहा. गटावरचे जुने, तारखेसकट मेसेज जपून ठेवा. तक्रार मात्र तुमच्या ५८ पानांपुरतीच करा, गाईडच्या पानांची नको.

चिंचेची_सावली
हो, ते लक्षात आलंय आता. एनसी की नुसतं एसए, अजून ठरत नाहीये. मेळघाटताई, तुमच्या झेरॉक्सवाल्यानं पानाला किती घेतले?

मेळघाटची_वाट
दीड रुपया. उधारीवर. फोटो उद्या पाठवते, आज इथं रेंज नाही.

पाचवीचे_पालक
ताई, पाचवीचं राहिलंच.