परदेशवासाची गाणी: आठवण महत्त्वाची की रोजचं राहणं?

अर्धमात्रा (धागाकर्ती)

परदेशी राहण्यावरची गाणी निवडायला बसलं की पहिल्या पाचांतली चार घरच्या आठवणीची निघतात. ती गाणी चांगली आहेत, पण ताटातुटीची आहेत. परदेशात माणूस रोज काय करतो, कुठे अडतो, कशात हट्ट धरतो, हे त्यांत जवळपास नसतंच.

गाणं ऐकताना मी तीन गोष्टी बघते. बोलतंय कोण? बोलणारा कुठे उभा आहे? आणि त्या जागेतली एखादी रोजची बाब शब्दांत आली आहे का?

यात पूर्ण उतरणारं गाणं म्हणजे इंग्लिश गायक स्टिंगचं 'इंग्लिशमन इन न्यूयॉर्क' (१९८७). ते क्वेंटिन क्रिस्प या लेखकावर आहे. क्रिस्प १९८१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, लंडन सोडून न्यूयॉर्कला राहायला गेले. गाणं कॉफी नको, चहा हवा इथून सुरू होतं. मग एकाच बाजूने भाजलेला टोस्ट, बोलण्यातला हेल, फिफ्थ अॅव्हेन्यूवर हातात काठी घेऊन चालणं. राहायची कायदेशीर परवानगी आहे, तरी आपण परकेच, हे ध्रुवपदात येतं. आईचा हात नाही, अंगण नाही, रडणं नाही.

संगीतही तेच सांगतं. खाली रेगे या जमैकन शैलीच्या वळणाचा ठेका आणि वर ब्रॅनफर्ड मार्सालिसचा सोप्रानो सॅक्सोफोन. मध्यावर गाणं अचानक स्विंग जॅझमध्ये शिरतं, मग काही क्षण नुसते जड ड्रम वाजतात आणि पुन्हा मूळ ठेका सुरू होतो. शहराचे आवाज आत घुसतात, पण चालणारा आपली चाल सोडत नाही.

'चिठ्ठी आयी है' मात्र मी परदेशवासाचं गाणं मानत नाही. त्यातले जवळजवळ सगळे शब्द घरी राहिलेल्या बापाचे आहेत.

---

तिसरा_अंतरा

साफ असहमत. तुम्ही शब्द कोणाचे ते बघितलंत, पण ते कोणाच्या कानावर पडतायत ते सोडून दिलंत.

'नाम' (१९८६) मधलं हे गाणं आनंद बक्षींचं, चाल लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची. पडद्यावर पंकज उधास स्वतः मंचावर गातात आणि समोर परदेशात राहणारे लोक बसलेले आहेत. पत्र एकाचं, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्याच नावाचं वाटतं. परदेशवासाचा मोठा भाग हाच असतो: दुरून येणारी तक्रार ऐकायची आणि उत्तर द्यायला तोंड नाही. गाण्यात मुलाचं उत्तर कुठेच नाही, तीच बक्षींची कमाल.

रचनाही बघा. पहिल्या अंतऱ्यात निघून गेल्याचा ठपका. दुसऱ्यात दिवाळी, होळी, बैसाखी, मुलाशिवाय गेलेले सण. तिसऱ्यात सगळं एकदम येतं: पूर्वी पत्रं यायची ती थांबली, बहिणीची डोली उठली तेव्हा तू नव्हतास, आईचे हाल, बायकोची अवस्था, मग पैसा, आणि शेवटी घरीही भाकरी आहे हा निरोप. मूळ गाणं सात मिनिटांच्या वर जातं, म्हणून कार्यक्रमात बरेच जण तिसरा अंतरा गाळतात आणि दुसऱ्यावरूनच ध्रुवपदाला येतात. मग उरतं ते सणांच्या आठवणींचं गोड गाणं. तुम्हाला जी रोजची, पैशाची, कुटुंबाची बाजू हवी आहे ती त्या कापलेल्या भागात आहे.

---

पाणंद

दोघांच्याही यादीत मजूर कुठे आहे? क्रिस्प स्वेच्छेने गेले. कंत्राटावर गेलेल्या माणसाला चहा की कॉफी हा प्रश्न पडत नाही.

केप व्हर्दे या आफ्रिकेजवळच्या बेटांवरच्या गायिकेचं, सेझारिया एव्होराचं 'सोदादे' (म्हणजे ओढ, हुरहूर; १९९२ चा 'मिस पर्फुमादो' अल्बम) ऐका. पोर्तुगीज राजवटीत केप व्हर्देची माणसं दूरच्या साओ तोमे बेटावरच्या कोको-कॉफीच्या मळ्यांत कामाला जात. साओ निकोलाव बेट सोडून इतक्या लांबची ही वाट तुला दाखवली कोणी, असं गाणं विचारतं. मग साधा व्यवहार: तू लिहिलंस तर मी लिहीन, तू विसरलास तर मीही विसरेन, तू परत येईपर्यंत. एवढ्या मोजक्या शब्दांत नात्याची अट घालणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

दुसरं, दहमान एल हर्राशीचं 'या रायाह' (म्हणजे 'अरे जाणाऱ्या', १९७३). गायक अल्जीरियाचा, पण वर्षानुवर्षं फ्रान्समध्ये राहिलेला. निघालेल्याला तो बजावतो: कुठे चाललास, दमशील आणि परत येशील, तुझ्यामाझ्याआधी कितीतरी अजाण पस्तावलेत. म्हणजे बोलणारा स्वतः जाऊन बसलेला आहे. अर्धमात्रा, तुमची पहिली अट इथे पुरी होते. पण बहुतेकांना ठाऊक आहे ते राशिद ताहा या गायकाने १९९० च्या दशकात नव्याने गायलेलं रूप. त्यात तालवाद्यं पुढे आली, लोक नाचायला लागले आणि इशारा मागे पडला. निवड करताना आधी मूळ ध्वनिमुद्रण ऐकवा, मग ताहाचं. उलट क्रमाने मूळ गाणं नुसतं संथ वाटतं आणि कान शब्दांकडे जात नाही.

---

अर्धमात्रा

@तिसरा_अंतरा, ऐकणारा परदेशात आहे म्हणून गाणं परदेशवासाचं होत नाही. मुलगा गप्प आहे हे खरं, पण त्यामुळे त्याचं राहणं आपल्याला दिसतच नाही. तो कुठल्या खोलीत राहतो, कोणाबरोबर जेवतो, काहीच कळत नाही.

@पाणंद, 'या रायाह' मान्य. 'सोदादे'चा जीव निरोपात आहे, राहण्यात नाही. मजुराचंच गाणं हवं असेल तर उडो युर्गेन्सचं जर्मन गाणं 'ग्रीशिशर वाइन' (म्हणजे ग्रीक वाइन; १९७४, शब्द मिखाएल कुन्झे यांचे) घ्या. पश्चिम जर्मनीने १९६० मध्ये ग्रीसशी कामगार आणण्याचा करार केला आणि १९७३ मध्ये भरती थांबवली. गाणं त्यानंतर लगेचचं. संध्याकाळची खानावळ, परक्या गावातले ग्रीक कामगार, वाइन, जुनी गाणी. इथे जागा आहे, वेळ आहे, टेबल आहे.

---

पाणंद

पण त्याच्या कडव्यांत बोलणारा ग्रीक नाही. रस्त्याने जाताना आत शिरलेला स्थानिक माणूस आहे तो! तुमची पहिली अट लावली तर हे गाणं बाद. आणि ते बाद होत असेल, तर अटच तपासायला हवी.

शिवाय हे गाणं जत्थ्याने पिताना गायलं जातं, ध्रुवपद तेवढं मोठ्याने. ज्याने बापाला पाहिलंच नाही त्या मुलाचा उल्लेख कडव्यात आहे, तो त्या गोंगाटात बुडतो.

---

मंद्रसप्तक

कडव्यातली एक जागा दोघांनीही सोडली. ते कामगार एकमेकांना सांगत राहतात की कधीतरी परत जाऊ, साठवलेल्या पैशात घरी थोडकं सुख मिळेल, आणि इथलं सगळं लवकरच विसरू. आता याच्या शेजारी सावरकरांचं 'सागरा प्राण तळमळला' ठेवा, १९०९, ब्रायटनचा किनारा. जगाचा अनुभव घेऊन, अधिक समर्थ होऊन लवकर परत येईन, असं सांगून तो माणूस आईला सोडून निघाला होता. शिकून येतो, साठवून येतो. मजूर असो की विद्यार्थी, घर सोडताना दिलेला शब्द हाच, आणि परदेशातलं प्रत्येक वर्ष त्या शब्दातून वजा होत जातं.

म्हणून माझ्या मते बघायचं ते एवढंच: परतीची तारीख पुढे ढकलली जातेय, हे गाण्याला कळलंय का? 'चिठ्ठी'च्या तिसऱ्या अंतऱ्याला कळलंय, 'सोदादे'ला कळलंय. चहा आणि टोस्टला ते कळलेलं नाही. मेन अॅट वर्क या ऑस्ट्रेलियन बँडचं 'डाउन अंडर' (१९८१) याच कारणाने यादीबाहेर: ब्रुसेल्समध्ये ओळखीचं सँडविच मिळतं, पण तो प्रवासी आहे, त्याला परतीची चिंताच नाही.

गाणाऱ्यांसाठी एक सूचना. 'सागरा'ची हृदयनाथ मंगेशकरांची चाल समूहात गाताना लोक लय वाढवतात आणि त्याचं संचलनगीत होतं. ती विनवणी आहे, पुढे धमकी आहे. विनवणीच्या कडव्यांत आवाज मोजकाच ठेवा, नाहीतर धमकीला चढायला जागा उरत नाही.

---

तिसरा_अंतरा

मंद्रसप्तक यांच्याशी सहमत, आणि त्यामुळेच 'चिठ्ठी' पहिल्या क्रमांकावर हवी. शब्द मोडला गेल्याची जाणीव देणारा आवाज घरचाच असू शकतो. मोडणारा स्वतः ते कबूल करत नाही.

---

अर्धमात्रा

ही अट फक्त परत यायचा शब्द दिलेल्यांना लागू पडते. क्रिस्प परतीसाठी गेले नव्हते. १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते न्यूयॉर्कचेच रहिवासी होते. तिथेच राहायचं ठरवलेली आणि तरीही तिथली न झालेली माणसं थोडी नाहीत, आणि त्यांच्यासाठी गाणी फारच कमी आहेत. म्हणून पहिला क्रमांक बदलत नाही. दुसरं 'या रायाह', एल हर्राशीचं. 'चिठ्ठी' तिसरी घेते, पण तिन्ही अंतऱ्यांसह.